पिशवी आहे म्हणून बिरडं बंद?

प्रश्न : अल्सरेटिव्ह कोलायटिसमुळे माझ्या मिस्टरांचं मोठं आतडं काढलं, त्याला चार महिने झाले. लहान आतड्याचं टोक पोटावर बाहेर काढून (इलिओस्टॉमी) तिथे शौचाची पिशवी लावली आहे. घरी सोडताना 'कडधान्यं नकोत' असं सांगितलं, तेव्हापासून मऊ भात आणि मुगाचं वरण चाललंय. आम्ही शाकाहारी, त्यात यांचा जीव वालाच्या बिरड्यात. परवा हट्टाने मटकीची उसळ खाल्ली, तर सालं जशीच्या तशी पिशवीत! आता तेच घाबरलेत. पोपटीचा (मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांचा) हंगामही येतोय. सगळं कायमचं सोडायचं का?
– एक वाचक, पेण

उत्तर : मुळीच नाही. ते 'नकोत' साधारण पहिल्या सहा-आठ आठवड्यांपुरतं असतं. तेव्हा आतड्याला सूज असते आणि पोटाच्या भिंतीतून ते बाहेर काढलेलं असतं तिथे चोथा अडकू शकतो. तरी सर्जनना एकदा विचारा. आतडं कुठे आकसलं असेल तर माझं ऐकू नका.

सालं दिसली त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ती कुणालाच धड पचत नाहीत, इतरांना दिसत नाहीत इतकंच. तेव्हा जपायचं ते सालाला, डाळीला नाही. आणि बिरड्याचे वाल तर तुम्ही मोड आणून सोलताच! फक्त डाळिंब्या अख्ख्या राहाव्यात हा आपला हट्ट सध्या सोडा. बोटाने दाबली की पीठ व्हावी इतक्या शिजवा. वरून खोबरं भुरभुरू नका, त्याचाही चोथा अडकतो. नारळाचं दूध गाळून घाला. पहिल्या दिवशी दोन-तीन चमचे, तेही दुपारी, आणि त्या दिवशी दुसरा नवा पदार्थ नको. दोन-तीन दिवस ठीक गेले की वाढवा. घास बारीक चावायला हवा. कवळी सैल असेल तर आधी ती नीट करून घ्या.

तूर, मसुराची डाळ, बेसनाचं पिठलं आताच सुरू करा. मटकी, चवळी, राजमा मऊ शिजवून पुरणयंत्राच्या बारीक जाळीतून काढा, सालं वर राहतात. कच्चे मोड, फुटाणे, शेंगदाणे अजून लांबच ठेवा.

कडधान्य भिजवलेलं पाणी फेकून द्यायचं, गॅस कमी होतो. पण पिशवी फुगते ती पोटात गेलेल्या हवेनेही : भराभर जेवणं, सोड्यासारखी फसफसणारी पेयं, जेवताना गप्पा. (गप्पा बंद करा असं मी म्हणणार नाही.) फिल्टरवाली पिशवीही मिळते.

आता महत्त्वाचं. चार-सहा तास पिशवीत काहीच आलं नाही, किंवा नुसतं घाण वासाचं पाणी येतंय, पोटात कळा, मळमळ असेल, तर खाणं बंद करून सर्जनना फोन करा. उलट्या होत असतील तर थेट हॉस्पिटल. पोट साफ होण्याचं औषध किंवा एरंडेल चुकूनही नको. दिवसात दीड लिटरच्या वर पातळ जाऊ लागलं तरी कळवा; तोवर नुसतं पाणी ढोसू नका, ओआरएस द्या.

पोपटीला खुशाल बसू द्या. शेंग सोलायची, दाण्याचं सालही काढायचं, आणि मूठभरावर थांबायचं. सोलून देणारे शेजारी बसलेले असतातच.