गायनातली पदवी: प्रवेशाच्या चाचणीआधी काय पक्कं करायचं

तासगावच्या ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी बारावीला आहे, गांधर्व महाविद्यालय मंडळाची शास्त्रीय गायनाची मध्यमा परीक्षा पूर्ण झाली आहे, आता घरीच शिकत त्याच मंडळाची पुढची विशारद परीक्षा द्यावी की गायन मुख्य विषय घेऊन पदवी करावी, आणि प्रवेशाच्या वेळी गायला लावतात त्याची तयारी कशी करायची?

पहिला भाग आधी उरकू. विशारद आणि पदवी एकमेकींच्या आड येत नाहीत. मंडळाच्या परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशा दोन सत्रांत होतात. जे सत्र सेमिस्टरच्या परीक्षेत अडकत नाही ते घ्यायचं. पुढेमागे महाविद्यालयात शिकवायचं मनात असेल तर एम.ए.ला ५५ टक्के (राखीव गटांना ५०) आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा लागते, म्हणून पदवी हवीच. पण पदवीच्या वर्गात वेळ सगळ्या मुलांत वाटला जातो. गुरूकडची तालीम बंद करून फक्त वर्गावर विसंबलं तर तीन वर्षांनी बंदिशी खूप येतात आणि गाणं तिथेच राहतं. तालीम सोडू नका, एवढं माझं कळकळीचं सांगणं. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचा संगीत व नाट्यशास्त्र विभाग आहे, पुण्याला विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे. दोन्हीकडे प्रत्यक्ष जाऊन, चालू वर्षाचं माहितीपत्रक हातात घेऊनच ठरवा.

आता चाचणी. दहा मिनिटं मिळतील असं धरून बसवा. पंधरा राग थोडे थोडे नकोत; दोन राग पूर्ण हवेत, त्यातला एक सकाळचा. यमन सगळेच आणतात, पण नंबर सकाळी दहाला लागला तर अल्हैया बिलावल किंवा भैरव तयार असलेला बरा.

सगळ्यात जास्त मुलं वेळेच्या हिशोबात फसतात. विलंबित (संथ) एकतालात एका मात्रेला, म्हणजे तालाच्या एका ठोक्याला, ४ सेकंद धरले तर १२ मात्रांचं आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, ४८ सेकंदांचं होतं. या संथ, मोठ्या ख्यालाला ६ मिनिटं दिली तर हातात साडेसात आवर्तनं. घरी निवांत गायची सवय असलेली मुलगी चार आवर्तनं मंद्र (खालच्या) सप्तकातच फिरते, आणि तार षड्ज (वरचा सा) लागायच्या आत "बास, आता छोटा ख्याल" असं ऐकावं लागतं. म्हणून स्थायी (बंदिशीचा पहिला भाग), दोन-तीन आवर्तनं आलाप, पाचव्या आवर्तनाला अंतरा (दुसरा भाग), मग बोल-आलाप आणि ताना, असं घड्याळ लावून बसवा. मिनिटाला १६० मात्रांच्या लयीत त्रितालाचं आवर्तन ६ सेकंदांचं, म्हणजे द्रुत (जलद) छोट्या ख्यालासाठी तीन मिनिटं भरपूर झाली. तबलजी अनोळखी असेल, तेव्हा नुसतं "जरा हळू" म्हणू नये. मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) हातावर ताल धरून गुणगुणून दाखवावा. त्यानंतर आरोह-अवरोह, पकड (रागाची ओळख पटवणारे स्वर), एखाद्या तालाची ठाय-दुगुन (मूळ लय आणि दुप्पट लय) हातावर, आणि पेटीवर वाजवलेले स्वर ओळखणं, एवढं साधारणपणे विचारतात.

पट्टी, म्हणजे कोणत्या सुराला आपला सा धरायचा ते, आजच ठरवा. मुलींची बहुधा पेटीच्या काळी ४ ते काळी ५ च्या आसपास असते. कसोटी एकच: मंद्र पंचम भरीव आणि तार पंचम न ताणता. गळा चढा वाटावा म्हणून पट्टी वाढवली की मंद्रात नुसती हवा उरते, आणि परीक्षकाला ते पहिल्या मिनिटात कळतं.

तानपुऱ्याबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं. मोबाइलवरच्या तानपुऱ्यावर रियाज चालतो, पण तानपुरा स्वतः लावता येत नसेल तर कान अर्धाच तयार होतो. आधी जोडाची (मधल्या दोन सारख्या तारांमधली) एक तार षड्जाला लावायची, मग दुसरी तिच्याशी मिळवायची. दोन्ही जवळ आल्या की आवाजात हेलकावे ऐकू येतात. जसजशी तार जुळते तसे ते संथ होत जातात आणि जुळली की थांबतात. मग खर्ज (खालच्या सप्तकातला सा), शेवटी पंचम (मालकंसाला मध्यम). खुंटीने सूर किंचित खालीच ठेवायचा आणि उरलेलं अंतर तारेत ओवलेल्या मण्याने भरायचं: मणी खाली सरकवला की सूर चढतो, वर घेतला की उतरतो. प्रत्येक तार लागली की घोडीवर तारेखाली असलेला जवारीचा (झंकाराचा) दोरा केसभर पुढेमागे सरकवा. कोरडा टणटणाट जाऊन लांब झंकार सुरू होतो, ती दोऱ्याची जागा. दोरा कुठेही नेला तरी झंकार येत नसेल तर तारांनी घोडीवर खाचा पाडल्या आहेत. ते काम घरी कानस घेऊन करू नये. तासगावहून मिरज जवळ आहे, सतारमेकर गल्लीत जवारी काढून, म्हणजे घोडीचा माथा घासून नीट करून, मिळते. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच हातांच्या कामाला.

खर्ज नीट लागला की त्यातून गंधार आपोआप बोलतो, त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. यमनचा गंधार त्यात मिसळून लावायचा. पेटीचा गंधार त्याहून सुमारे १४ सेंट चढा असतो (एका अर्ध्या स्वराचे १०० सेंट), म्हणून केवळ पेटीवर शिकलेल्या गळ्याचा गंधार तानपुऱ्यावर टोचतो. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले; त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकताना मुलीला फक्त गंधार आणि निषाद ऐकायला सांगा.

प्रवेश ऐन पावसाळ्यात येतात. दमट हवेत खुंटी फुगून अडकते, तेव्हा जोर लावू नका, थोडी बाहेर ओढून फिरवा. हिवाळ्यात उलट घसरते, तेव्हा खडूची पूड लावा. एसटीने तानपुरा नेताना तारा जराशा उतरवून घ्या, आणि पोहोचल्यावर गवसणी काढून वीस मिनिटांनी लावायला घ्या.

लेखी भागात एक सापळा आहे. स्वर लिहिण्याच्या भातखंडे पद्धतीत स्वरावर टिंब म्हणजे तार सप्तक, पलुस्कर पद्धतीत तेच टिंब मंद्राचं. समेची (तालाच्या पहिल्या मात्रेची) खूण भातखंडेंकडे × तर पलुस्करांकडे १. मंडळाच्या परीक्षा देऊन आलेली मुलं दोन्हींची सरमिसळ करतात आणि अख्खी बंदिश उलट्या सप्तकात जाते. पदवीला कोणती पद्धत चालते ते पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या, आणि उत्तराच्या सुरुवातीला पद्धतीचं नाव लिहायची सवय लावा.