ड्रेडलॉक्स, मेणाचा डबा आणि कोरफड : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे केस सरळ आणि बारीक आहेत. ड्रेडलॉक्स, म्हणजे केसांच्या जटा, हव्या होत्या म्हणून मैत्रिणीकडून बॅककोम्बिंग (केस टोकाकडून मुळाकडे उलटे विंचरणं) करून घेतलं आणि व्हिडिओत दाखवलं तसं मधमाशीचं मेण चोळलं. सुरुवातीला मस्त दिसत होते, आता चिकट झालेत, टॉवेलचे धागे अडकून बसतात आणि केस ओले असले की कुबट वास येतो. मेण तर नॅचरल असतं ना, मग असं का?

उत्तर : नॅचरल आहे हो, पण म्हणून ते केसातून निघेल असं थोडंच आहे! मेण पाण्यात विरघळत नाही आणि वितळतं ते साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला, आपण अंघोळीला घेतो ते पाणी चाळीसच्या आसपास असतं त्यामुळे त्याने मेणाला काही होत नाही, आणि मेण वितळेल इतकं गरम पाणी डोक्यावर घेतलं तर कातडी भाजेल. मग ते आतच राहतं, धूळ-धागे धरून ठेवतं, आतला ओलावा सुकू देत नाही, तुम्हाला येतो तो वास त्या ओलाव्याचा.

शिवाय मेणाने केस नुसते चिकटतात, जट बनत नाही. जट बनते ती केस एकमेकांवर घासून घासून. प्रत्येक केसावर बारीक खवले असतात ते एकमेकांत अडकतात, वर रोज आपले पन्नास ते शंभर केस गळतात ते विंचरून बाहेर न पडल्यामुळे तिथेच गुंतत जातात, आणि हे सगळं व्हायला केस मोकळेपणी हलले पाहिजेत. मेण लावलं की ते जिथल्या तिथे बसले, हलणार कसे? वरून लॉक (म्हणजे एकेक जट) तयार दिसतो आणि आत फारसं काही गुंतलेलंच नसतं. सरळ केस सुटून सुटून बाहेर येतात, मेण लावलं की लगेच गप बसतात, म्हणून ते डबे खपतात एवढंच.

आता काढायचं कसं. कोरडा लॉक टिश्यू पेपरमध्ये गुंडाळा आणि ड्रायरची गरम हवा सोडत बोटांनी दाबत दाबत खाली या. कागदावर तेलकट डाग उमटेल, पिवळट किंवा मळाने करडा झालेला. डाग येतोय तोवर कागद बदलत राहा, फक्त ड्रायर टाळूजवळ नेऊ नका. उरलेल्या मेणासाठी कोमट खोबरेल तेल, पण केस कोरडे असतानाच, अर्धा तास मुरू द्या, परत कागदाने पिळून घ्या आणि मग धुवा. भांड्यांचं लिक्विड चालेल पण फक्त लांबीला, टाळूला लावलंत तर ती कोरडीठाक होईल. एका बैठकीत होणारं काम नाही हे, आणि खरं सांगायचं तर अगदी गाभ्यातलं थोडं राहतंच. टाळूला खाज किंवा खपल्या असतील तर हे सगळं बाजूला ठेवून आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

नवीन सुटलेल्या केसांना मेणाऐवजी क्रोशाची बारीक सुई, ०.५ किंवा ०.७५ मिलिमीटरची. सुटा केस पकडून आत ओढायचा, बास. जोरजोरात मात्र नको, केस तुटतात.

प्रश्न : माझे केस कुरळे आहेत. कोरफड, मिठाचं पाणी, तेल, बेकिंग सोडा, यातलं काय वापरू?

उत्तर : कोरफड. मुळाशी ट्विस्ट करताना जेल लावा, सुकेपर्यंत पीळ धरून ठेवतं आणि पाण्याने निघून जातं. ताजी वापरत असाल तर गर नीट गाळा, नाहीतर त्याचे कण लॉकमध्ये सुकून कोंड्यासारखे दिसतात. जवसाचं जेलही छान, फक्त फ्रीजमध्ये ठेवा, बाहेर लगेच खराब होतं. मिठाच्या पाण्याने केस खरखरीत होऊन लवकर गुंततात पण कोरडेही पडतात त्यामुळे रोज नको, आणि त्याची खरी गरज सरळ केसांना, तुम्हाला नाही. तेल दोन-चार थेंब, तेही टाळूला. टी ट्री ऑइल थेट कधीच लावायचं नाही, दुसऱ्या तेलात मिसळूनच. सोड्याचा पीएच आठच्या वर आणि टाळूचा साडेपाचच्या आसपास, म्हणून तो दर धुण्याला वापरणं मला अजिबात पटत नाही.

मुळं परत पिळायची ती चार ते सहा आठवड्यांनी. दर आठवड्याला पिळून घेणारे लोक आहेत, आणि नंतर कपाळाच्या कडेचे केस विरळ झाले म्हणून रडणारेही तेच. पिळल्यावर झोपताना डोकं ठणकत असेल तर तेव्हाच सैल करा. धुवायचं म्हणाल तर आठवड्यातून एकदा नक्की (न धुतल्याने लॉक्स लवकर होतात हे साफ खोटं, स्वच्छ केस जास्त चांगले गुंततात) आणि शक्यतो सकाळी, म्हणजे रात्रीपर्यंत आतून सुकतात.

प्रश्न : नंतर नको झाले तर टक्कलच करावं लागतं का?

उत्तर : नाही. भरपूर कंडिशनर आणि टोकदार शेपटीचा कंगवा घेऊन टोकाकडून वर सोडवत जायचं, पेशन्स लागतो, जुने लॉक्स असतील तर दोन-तीन दिवसही जातात. मेण भरलेले असतील तर आधी ते काढा, नाहीतर कंगवा आत शिरतच नाही. केसांचा मोठा गठ्ठा हातात येईल तो बघून घाबरू नका, त्यातले बरेचसे आधीच गळून आत अडकलेले असतात.