वाचकांचे प्रश्न : मुलांची पहिली सायकल

प्रश्न : माझी मुलगी चार वर्षांची आहे. तिची उंची १०० सेंटिमीटर आणि वजन १५ किलो आहे. तिला बाजूच्या आधारचाकांची सायकल घ्यायची आहे. तिच्या मामेभावाच्या सायकलीची आधारचाके काही महिन्यांतच वाकली, त्यामुळे या वेळी भक्कम सायकल घ्यावी, असे घरात सर्वांना वाटते. सासूबाईंच्या मते थोडी मोठीच घेतली तर पुढे काही वर्षे पुरेल. दुकानदाराने २० इंची सायकल सीट अगदी खाली करून दाखवली. ती बरीच जड आहे. जड सायकल मजबूत असते, असे समजावे का?

उत्तर : जड सायकल मजबूत असतेच असे नाही आणि या वयात २० इंची सायकल कृपया घेऊ नका. सासूबाईंचा काटकसरीचा विचार कपड्यांच्या बाबतीत बरोबर ठरेल. पण ज्या सायकलीवरून जमिनीला पाय पोहोचत नाहीत, ती मूल भीतीपोटी चालवतच नाही.

मुलांच्या सायकलीचे माप चाकाच्या व्यासावरून सांगतात. साधारणपणे ९५ ते ११० सेंटिमीटर उंचीला १४ इंची, तर १०५ ते १२० सेंटिमीटर उंचीला १६ इंची सायकल बसते. मात्र बनावटीप्रमाणे यात फरक पडतो, म्हणून खरा भरवसा पायाच्या आतल्या मापावर ठेवावा. मुलीला अनवाणी, भिंतीला पाठ टेकवून उभे करा, दोन्ही पायांच्या मध्ये पुठ्ठा बांधणीचे पुस्तक आडवे धरून वर टेकेपर्यंत सरकवा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजा. सीट सर्वांत खाली असताना तिची उंची या मापापेक्षा जास्त नसावी. आधारचाके असताना नुसते चवडे टेकले तरी चालते, असे बरेच जण सांगतात. मला मात्र सुरुवातीला दोन्ही तळवे पूर्ण टेकलेले अधिक योग्य वाटतात, कारण चढण्या-उतरण्याची धास्ती तिथेच संपते. सायकल पुढेही पुरावी अशी इच्छा असेल, तर सीटचा दांडा आणि हँडल किती वर घेता येते ते पाहा. सीटच्या दांड्यावर एक रेघ कोरलेली असते. ती फ्रेमच्या आतच राहिली पाहिजे.

आता वजनाविषयी. १५ किलो वजनाच्या मुलीला ९ किलोची सायकल देणे म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३६ किलोची सायकल चढावर रेटायला लावण्यासारखे आहे. ॲल्युमिनियमची फ्रेम हलकी असते, पोलादी फ्रेम जड पण सहसा स्वस्त असते, आणि नीट जोडलेल्या असतील तर लहान मुलांसाठी दोन्ही पुरेशा टिकाऊ असतात. म्हणून मजबुती वजनात न शोधता जोडांमध्ये शोधावी. हँडलखालच्या नळीपाशी वेल्डिंगची रेघ सलग आणि एकसारखी आहे का, ते बोट फिरवून पाहा. पायडलचा दांडा धरून आडवा हलवा; तिथे खडखड जाणवली तर बेअरिंग सैल आहे किंवा हलक्या प्रतीचे आहे. टायर हवेच्या ट्यूबचे घ्यावेत, कारण भरीव फोमच्या टायरची पंक्चरची कटकट नसली, तरी ते धक्के कमी शोषतात आणि त्यांची पकडही कमी असते. साखळी पूर्ण झाकलेली असावी. ब्रेकची मूठ तिच्या बोटांना पोहोचते आणि दाबली जाते का, हे तिच्याच हाताने तपासा. मोठ्यांच्या हाताला सोपा वाटणारा ब्रेक लहान मुलांना अनेकदा अजिबात दाबता येत नाही.

मामेभावाच्या सायकलीचे जे झाले, त्याचे कारण बहुधा आधारचाकांच्या पट्टीत असावे. ही पट्टी मागच्या चाकाच्या एक्सलवर नटने आवळलेली असते आणि मूल वळणावर एका बाजूला कलले की बराचसा भार त्या एकाच पट्टीवर येतो. पट्टी पातळ असली तर ती वाकते; नट सैल असला तर ती एक्सलभोवती वर फिरते आणि सायकल अचानक आडवी होते. म्हणून पट्टी जाड पोलादाची आणि मध्ये उभार दिलेली असावी, आणि ती फिरू नये यासाठी फ्रेममध्ये अडकणारा दात किंवा खाच असावी. दुकानातच सायकल एका बाजूला कलवून सीटवर हाताने जोर द्या, म्हणजे पट्टी किती लवते ते लगेच दिसेल. घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात हे नट पुन्हा पाना लावून आवळावेत.

ही चाके बसवताना एक चूक सर्रास होते : दोन्ही चाके जमिनीला घट्ट टेकवली जातात. तसे केले की जमिनीत जरा खोलगट भाग आला तरी सायकल दोन्ही आधारचाकांवर उचलली जाते, मागचे चाक हवेत फिरते आणि उलटे पायडल मारून लागणारा ब्रेक निकामी होतो. सायकल सरळ उभी असताना आधारचाके जमिनीपासून ५ ते १० मिलिमीटर वर असावीत. थोडी डुगडुगेल, पण ते हवेच आहे. तोल सावरण्याची पहिली जाणीव त्यातूनच होते. आणि हेल्मेट सायकलीबरोबरच घ्यावे, म्हणजे ते घातल्याशिवाय सायकल चालवायची नाही हे तिच्या अंगवळणी पडेल.

प्रश्न : मुलगा साडेपाच वर्षांचा असून वर्षभर आधारचाकांवर सायकल चालवतो. चाके एकेक करून काढावीत का?

उत्तर : एकेक करून काढू नयेत. एकच चाक राहिले की मूल त्याच बाजूला रेलून बसते आणि वाकड्या तोलाची सवय लागते. दोन्ही चाके एकदम काढा, त्याबरोबर दोन्ही पायडलही काढा आणि तळवे टेकतील इतकी सीट खाली घ्या. सपाट, मोकळ्या जागी त्याला पायांनी ढकलत पुढे जाऊ द्या. पाय उचलून लांबपर्यंत घरंगळत जाऊ लागला आणि वळणही घेऊ लागला की पायडल परत लावावेत. डावे पायडल उलट्या आट्यांचे असते, त्यामुळे ते काढताना पाना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावा लागतो. जोर लावण्याआधी हे ध्यानात घ्यावे, नाहीतर आटे खराब होतात.