चीनमधल्या शीआनमध्ये एकट्याने एकच दिवस आहे, काय पाहावं आणि काय खावं?

सकाळी लवकर मातीच्या सैनिकांकडे (टेराकोटा आर्मी) निघा. ते शहरापासून सुमारे 40 किलोमीटरवर आहेत, अर्धा दिवस तिथेच जातो. तिकिटाला मूळ पासपोर्ट लागतो. अलीपेला (पैसे देण्याचं चिनी मोबाइल अ‍ॅप) कार्ड भारतातूनच जोडून घ्या, तिथे गूगल उघडत नाही.

दुपारनंतर दक्षिण दरवाजातून शहराच्या जुन्या तटावर चढून सायकल भाड्याने घ्या. 13.7 किलोमीटरच्या फेरीला दोनेक तास धरा. फरसबंदी खडबडीत आहे, हात चांगलेच हादरतात.

संध्याकाळी मुस्लिम मोहल्ल्यात यांगरौ पाओमो, म्हणजे मटणाच्या रश्श्यातली रोटी, खाच. घट्ट रोटी आणि रिकामा वाडगा हातात देतात. रोटीचे हरभऱ्याएवढे तुकडे करा, घाई नको. मोठे राहिले तर मटणाचा रस्सा आत मुरत नाही, मधे कोरडं पीठ लागतं. शाकाहारी असाल तर लियांगपी (थंड नूडल्स) मागा.