मोठ्या प्रोजेक्टवर सबकॉन्ट्रॅक्टरला सेफ्टीची कोणती कागदपत्रं लागतात? कन्सल्टंटकडून तयार फाइल घेतली तर चालते का?

तुम्ही लिहिलंय की पाइप-रॅकच्या (पाइप वाहून नेणाऱ्या लोखंडी सांगाड्याच्या) स्ट्रक्चरचं काम मिळालंय, पंचवीसेक माणसं लावणार आहात आणि ओळखीतला एक कन्सल्टंट अख्खी फाइल करून देतो म्हणतोय. नुसती यादी विचारली असतीत तर मी पुढे गेलो असतो. "तयार फाइल" वाचलं आणि राहवलं नाही.

माझी बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) फॅब्रिकेशनची शेड आहे. मेहुणे पूर्वी भागीदार होते. त्यांचं पहिल्यापासून एकच पालुपद: "भाऊजी, कागद वाचतो कोण? फाइल जाड दिसली की झालं." एका कामाच्या वेळी त्यांनी कुणाकडून तरी दोन गलेलठ्ठ फायली आणल्या, रंगीत सेपरेटर वगैरे लावून. मी हायराचा, म्हणजे कामातले धोके आणि त्यांची जोखीम मांडायचा, तक्ता उघडला, तर धोक्यांमध्ये बोगद्यातलं ब्लास्टिंग आणि पाण्याखालचं वेल्डिंग! आम्ही लावणार होतो हँडरेल. पानांच्या तळाशी दुसऱ्याच फर्मचं नाव तसंच राहिलेलं. मी ओरडलो, त्यांनी फायली परस्पर जमा केल्या, आणि साहेबांनी न उघडता शिक्के मारले. म्हणजे मेहुणेच खरे ठरले, असं घरात सगळ्यांना वाटलं.

ते काम बडोद्याजवळ एका प्लांटच्या विस्ताराचं होतं. नावं घेत नाही. आम्ही रॅकवर वर होतो, त्याच लेव्हलला पायपिंगवाली दुसरी एजन्सी. त्यांनी दुपारी पाइप खाली सोडायला एक ग्रेटिंग (पायाखालची लोखंडी जाळी) उचललं आणि ना बॅरिकेड, ना टेप, तसेच जेवायला गेले. आमचा दाहोदचा एक फिटर त्या उघड्या जागेतून खाली पडला. सेफ्टी पट्ट्याचा दोर (लॅनयार्ड) लाइफलाइनला अडकवलेला होता म्हणून लोंबकळला. मनगट मोडलं, जीव वाचला.

संध्याकाळपर्यंत मुख्य कॉन्ट्रॅक्टरचा रिपोर्ट तयार! "सबएजन्सीच्या कामगाराचा निष्काळजीपणा, टूलबॉक्स टॉक (काम सुरू करण्याआधीची सेफ्टीची सूचना) झालेला नाही." आरए बिल (चालू कामाचं बिल) थांबवलं. चौकशीत त्यांच्या सेफ्टी मॅनेजरने आमची तीच जाड फाइल काढली, ब्लास्टिंगचं पान मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "हे तुम्ही केलेलं हायरा?" मेहुणे टेबलाकडे बघत बसले.

मी वही काढली. साधी लांबट वही. आमचा फोरमन रोज सकाळी त्यात हिंदीत चार ओळी खरडायचा: आज कुठे काम, कशाला जपायचं. खाली सह्या, सही न येणाऱ्यांचे अंगठे. त्या दिवशीच्या पानावर होतं, "ऊपर पाइपवाले भी हैं, ग्रेटिंग खुली दिखे तो काम बंद, फोन करो." त्याखाली त्याच फिटरचा जांभळा अंगठा. शिवाय हाइट पर्मिटची, म्हणजे उंचीवर काम करायच्या परवानगीची, आमची गुलाबी प्रत. कार्बनने फिकट उमटलेली, पण "फ्लोअर ओपनिंग बंद आहेत" यापुढे त्यांच्याच इंजिनिअरची टिक, सही आणि सकाळची वेळ वाचता येत होती. दुपारी रॅकच्या त्याच भागात दुसऱ्या एजन्सीला पर्मिट देताना आमचं पर्मिट कुणी थांबवलं नव्हतं की आम्हाला कळवलं नव्हतं. त्यावर बोलायला त्यांच्याकडे काही उरलं नाही. रिपोर्ट बदलला, बिल सुटलं. फिटर ईएसआयमध्ये (सरकारी कामगार विम्यात) होता, त्यामुळे उपचार झाले आणि बसून होता तोवर पगाराच्या ९० टक्के दराने पैसे मिळाले.

आता तुमच्या कामाचं. पीएफ-ईएसआयचे चलन दर बिलाला मागतात, ते माहीत असेलच. ईएसआयची पगारमर्यादा २१,००० आहे. चांगला रिगर किंवा वेल्डर त्याच्या वर जातो, त्याच्यासाठी डब्ल्यूसी (कामगार नुकसानभरपाई विमा) पॉलिसी घ्या, आणि पॉलिसीत साइटचं नाव व उंचीवरचं काम लिहिलंय ना ते बघा. एजंट "जनरल फॅब्रिकेशन" टाकून मोकळा होतो आणि क्लेमच्या वेळी रडायची पाळी तुमच्यावर येते. प्रत्येकाचं मेडिकल फिटनेस, इंडक्शन, हाइट पास. हार्नेस आयएस ३५२१चा आणि दुहेरी लॅनयार्डचा, हेल्मेट आयएस २९२५चं, दोन्हींची बिलं जपून ठेवा. स्लिंग आणि चेनब्लॉकचं (माल उचलायचे पट्टे आणि साखळीची कप्पी) टेस्ट सर्टिफिकेट सक्षम व्यक्तीकडून. त्यावरचा नंबर स्लिंगवर ठोकलेल्या नंबराशी स्वतः जुळवा, कारण गेटवर माल नेमका तिथेच अडतो. मेथड स्टेटमेंट (काम कसं करणार ते), हायरा, जेएसए (कामाच्या एकेका पायरीतले धोके) आलंच. स्कॅफोल्डिंगचे टॅग, ग्राइंडर आणि वेल्डिंग मशीनच्या तपासण्या, ईएलसीबीची (गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचची) चाचणी हे साइटवर चालू राहतं.

कन्सल्टंटला पैसे द्यायचे तर लायसन्स आणि चलनांसाठी द्या, त्यात तो तुमच्यापेक्षा हुशार असतो. हायरा आणि जेएसए मात्र तुमच्या फोरमनला समोर बसवून लिहा. त्याला इंग्रजी येत नसेल तर तो हिंदी-गुजरातीत सांगेल, पोरगा टाइप करेल. आणि पर्मिटची आपली प्रत संध्याकाळी परत देऊन मोकळं होऊ नका, निदान फोटो काढून ठेवा.

एक राहिलं. २१ नोव्हेंबर २०२५पासून चार श्रमसंहिता लागू झाल्यात, आणि नव्या संहितेत कंत्राटी मजुरांच्या लायसन्सची अट ५० माणसांपासून आहे. जुन्या १९७०च्या कायद्यात ती २० होती. तरी साइटची चेकलिस्ट बहुधा जुन्याच फॉर्मच्या नावांनी मागेल, तेव्हा काय हवंय ते त्यांच्याकडून मेलवर लिहून घ्या. बांधकाम कामगारांसाठीचा १ टक्का सेस (उपकर) मालकाने किंवा मुख्य कॉन्ट्रॅक्टरने एकदा भरलेला असताना तुमच्या बिलातून पुन्हा कापत नाहीत ना, तेही करारात बघा.

आणि रेट देण्याआधी कराराचं सेफ्टीचं परिशिष्ट वाचा. १९९८च्या केंद्रीय नियमांत सेफ्टी ऑफिसर ५०० कामगारांना होता, नव्या संहितेत बांधकामावर २५० ला आहे, पण कंपन्या करारात कितीतरी आधी मागतात, आणि त्याचा पगार तुमच्या रेटमधून जातो. दंडाचा तक्ताही तिथेच असतो. आमच्या मेहुण्यांनी तो कधी वाचला नाही. आता त्यांची वेगळी फर्म आहे, आणि परवाच फोन आला होता, "भाऊजी, तुमच्या त्या वहीचा फॉरमॅट पाठवा ना." पाठवलाय.