जुन्या कॅसेटकडून स्ट्रीमिंगकडे वळताना

घरातील व्हीएचएस कॅसेट डिजिटल करून कुटुंबीयांना स्ट्रीमिंगने दाखवण्याचा आपला विचार अगदी योग्य आहे. तो लांबणीवर मात्र टाकू नका. चुंबकीय फीत चालवताना प्रत्येक वेळी हेडवर (प्लेअरमधील फीत वाचणाऱ्या भागावर) घासली जाते, नुसती ठेवली तरी वर्षागणिक क्षीण होते आणि तिची प्रत काढली की प्रतीतले चित्र आणखी पुसट होते, तर डिजिटल फाइलची प्रत मुळाबरहुकूम निघते. शिवाय स्ट्रीमिंगमध्ये चित्रफीत काही सेकंदांच्या तुकड्यांत येत असल्याने, ती पूर्ण उतरण्याची वाट न पाहता हव्या त्या प्रसंगावर थेट जाता येते. फीत मागेपुढे फिरवत बसलेल्यांनाच याचे खरे मोल कळेल.

सुरुवातीला एवढेच पाळा:

- पाल पद्धतीची (भारतातील जुन्या टीव्ही-व्हिडिओ पद्धतीची) कॅसेट ७२०×५७६ पिक्सेल आकारातच उतरवा. १०८०पी (फुल एचडी) केल्याने फाइल फुगते, तपशील वाढत नाही.
- घरूनच प्रसारण करणार असाल, तर डाउनलोडचा नव्हे, अपलोडचा (घरातून बाहेर डेटा पाठवण्याचा) वेग तपासा. नवखे हमखास इथेच चुकतात.
- रूपांतर झाले म्हणून मूळ कॅसेट टाकून देऊ नका.

कोडेक (चित्रफीत आटोपशीर करून साठवण्याची पद्धत) आणि बिटरेट (दर सेकंदाला लागणारा डेटा) यांचा विचार पहिल्या दोन-तीन कॅसेट झाल्यावर करू. तोवर एच.२६४ हा कोडेक पुरेसा आहे.