जुन्या वाचनालयात सुतारकामाचं वर्कशॉप थाटायचंय? आधी छत बघ

गिरगावातलं बंद पडलेलं वाचनालय भाड्याने मिळतंय म्हणून लगेच रंगारी बोलावू नकोस. आधी कागद बघ: जागा पालिकेची की ट्रस्टची, वापर बदलायची परवानगी मिळेल का, इमारत हेरिटेज यादीत आहे का. मुंबईत 1995 पासून हेरिटेज नियमावली आहे. यादीतल्या इमारतीची खिडकीसुद्धा मनाला येईल तशी बदलता येत नाही.

मग एखाद्या धो धो पावसात आत जाऊन उभा राहा. मंगलोरी कौलं फुटली असतील तर पाणी वाशांवरून उतरतं आणि तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथे मुरतं. नेमका तिथेच स्क्रूड्रायव्हर खुपस. जुनं सागवान सहसा दाद देत नाही. सहज आत गेला तर लाकूड कुजलंय किंवा वाळवी लागलीय. भिंती चुन्यातल्या असतील तर सिमेंटचा गिलावा अजिबात नको. ओल आत कोंडते, पोपडे सुटतात, पांढरे क्षार वर येतात. चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधायला वेळ लागेल, लागू दे.

मशीनसाठी थ्री-फेज वीजजोडणी आणि अर्थिंग परवानाधारक वायरमनकडूनच करून घे. जड मशीन तळमजल्यावरच ठेव, लाकडी माळ्यावर नको. आणि शेजारी चाळ आहे, तेव्हा दुपारी दोन ते चार रंधा मशीन बंद. हे आधीच जाऊन सांग, निम्म्या तक्रारी येणारच नाहीत.